टीम बिल्डिंगची तीन घराणी: पार्श्वभूमी

टीम बिल्डिंगच्या वर्कशॉपचा साचा बहुतेक ठिकाणी एकच असतो. सकाळी व्यक्तिमत्त्व प्रकाराची प्रश्नावली, दुपारी गट पाडून काहीतरी बांधायचं, रंगवायचं नाहीतर नाटुकलं बसवायचं, आणि शेवटी वेळ उरला तर चर्चा. या तिन्ही गोष्टी आज एकाच पॅकेजमध्ये मिळत असल्या तरी त्यांची घराणी वेगळी आहेत. त्यातलं टीमशी खरं नातं असलेलं घराणं नेमकं शेवटचं, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात आधी कात्री चालते ते.

व्यक्तिमत्त्व प्रकारांचं मूळ मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या १९२१ सालच्या मांडणीत आहे. अंतर्मुख-बहिर्मुख, विचार-भावना, संवेदन-अंतर्ज्ञान या जोड्या त्याच्या, पण प्रश्नावली त्यानं केली नाही. ती केली अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी. मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण दोघींनीही घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात नव्यानं कामाला लागणाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, कोणतं काम मानवेल हे कळावं हा हेतू होता. निर्णय लावून मोकळे होणारे आणि पर्याय खुले ठेवणारे अशी चौथी जोडी त्यांनी वापरात आणली आणि त्यातून चार इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे सोळा प्रकार झाले. १९६२ मध्ये ही प्रश्नावली संशोधनासाठी प्रकाशित झाली. १९७५ मध्ये ती दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली, आणि पुढे कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये तिचा फैलाव झाला.

तिची अडचण गणितातच आहे. समजा एका जोडीसाठी २१ प्रश्न आहेत. अकरा उत्तरं बहिर्मुखतेकडे आणि दहा अंतर्मुखतेकडे गेली, तर शिक्का बसतो ‘बहिर्मुख’. महिन्याभरानं एकच उत्तर बदललं की शिक्का उलटा. बहुतेकांचे गुण मधल्या पट्ट्यातच पडतात आणि जोड्या चार आहेत, त्यामुळे पुन्हा भरल्यावर एखादं अक्षर बदलणं अगदी सहज घडतं. याच कारणानं संशोधक ‘हा की तो’ सोडून ‘किती’ मोजणाऱ्या पाच घटकांच्या मांडणीकडे वळले. कंपन्यांना मात्र अक्षरंच आवडतात. पाच आकडे ओळखपत्रावर शोभत नाहीत.

मग रिपोर्ट वाचून ‘अगदी मीच!’ असं का वाटतं? बर्ट्रम फोररनं १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं. सगळ्यांना शब्दशः एकच, तेही बरंचसं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

या घराण्यात कामाच्या जागेच्या सगळ्यात जवळ गेले मेरेडिथ बेल्बिन. इंग्लंडमधल्या हेन्ली इथं व्यवस्थापकांच्या गटांना बिझनेस गेम खेळताना त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं आणि १९८१ मध्ये टीममधल्या आठ भूमिका मांडल्या, पुढे त्या नऊ झाल्या. माणूस कसा आहे यापेक्षा तो गटात काय करतो, हा त्यांचा प्रश्न. निव्वळ हुशार माणसं निवडून केलेले गट वादातच अडकून बरेचदा मागे पडले, हे त्यांचं निरीक्षण आजही उपयोगी आहे.

सर्जनशील खेळांचं घराणं जाहिरातीच्या धंद्यातलं. अॅलेक्स ऑस्बर्न हा जाहिरात संस्थेचा भागीदार. टीका नको, अचाट कल्पना चालतील, संख्या वाढवा, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला, हे ब्रेनस्टॉर्मिंगचे चार नियम त्याचे. १९५८ मध्ये येल विद्यापीठात ते तपासले गेले. चौघं एकत्र बसून जितक्या कल्पना देतात, त्यापेक्षा चौघांनी एकेकट्यानं लिहून एकत्र केलेल्या कल्पना, पुनरुक्ती वगळूनही, जास्त निघाल्या. १९८७ च्या प्रयोगांनी मुख्य कारण दाखवलं: एक जण बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता आपली कल्पना विसरतात किंवा सोडून देतात.

यावर बेर्न्ट रोरबाखनं १९६८ मध्ये दिलेला तोडगा म्हणजे ६-३-५. सहा माणसं, प्रत्येकासमोर तीन रकाने आणि सहा ओळींचा कागद, पाच मिनिटांत तीन कल्पना, मग कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्या, तीस मिनिटं, १०८ नोंदी. फसतो तो चौथ्या फेरीपासून. तोवर कागदावर नऊ कल्पना झालेल्या असतात आणि त्या वाचण्यातच वेळ जातो. तिथून पुढे दोन-तीन मिनिटं वाढवावीत. गिचमिड अक्षर टाळायला जाड मार्कर द्यावेत.

स्पॅगेटीचा मनोरा यानंतरचा, पीटर स्किलमनचा. वीस कोरड्या काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा, एक मार्शमॅलो (साखरेची मऊ, फुगीर मिठाई) आणि १८ मिनिटं. मार्शमॅलो टोकावर ठेवून मनोरा स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. बरेच गट तो शेवटच्या मिनिटाला ठेवतात. हातात हलका वाटणारा गोळा टोकावर गेला की काड्या वाकतात आणि डुगडुगतं सगळं खाली येतं.

तिसरं घराणं मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनचं. १९४६ मध्ये कनेक्टिकटमधल्या त्याच्या कार्यशाळेत निरीक्षक रोज संध्याकाळी गटांच्या वागण्याबद्दल आपसांत बोलत. काही सहभागींनी बसू देण्याची विनंती केली. त्यांच्यातल्या एका बाईंच्या वागण्याचा विषय निघाला तेव्हा ‘तसं नव्हतं’ म्हणत त्या वादात पडल्या, आणि दुसऱ्या संध्याकाळपासून गर्दी वाढली. त्यातून टी-ग्रुप, म्हणजे गटानं स्वतःच्याच वागण्यावर बोलून शिकायची पद्धत निघाली. १९४७ मध्ये मेन राज्यातल्या बेथेलला तिचं प्रशिक्षण सुरू झालं, पण त्याआधीच लेविन वारला होता. खेळानंतरच्या ज्या चर्चेला आज डीब्रीफ म्हणतात, ती तिथून आलेली आहे.

हे लक्षात घेतलं तर दिवसाचा क्रम उलटा लावणं बरं. प्रकार आधी कळला की लोक तो वठवू लागतात; ‘मी अंतर्मुख’ म्हणत एक जण कोपरा धरतो आणि त्याला कुणी हटकतही नाही. म्हणून खेळ आधी. मग किमान तेवढाच वेळ चर्चेला, तीही घडलेल्या गोष्टींवर: मार्शमॅलो ठेवून बघू असं पहिल्यांदा कोण म्हणालं, ते का ऐकलं गेलं नाही, कात्री शेवटपर्यंत कुणाच्या हातात होती. रिपोर्टची पाकिटं त्यानंतर उघडावीत, आणि ती साहेबांच्या टेबलावर जाणार नाहीत हे सकाळीच सांगून ठेवावं.