जाळ ओसरू द्या: उघड्या शेकोटीवरील स्वयंपाकाचे विज्ञान

शेकोटी चांगली पेटली आणि जाळ गुडघाभर उंच गेला की भुकेलेला माणूस घाईने त्यावर अन्न धरतो, आणि थोड्याच वेळात वरून काळेकुट्ट झालेला, पण आतून कच्चा राहिलेला घास त्याच्या हाती येतो. पुष्कळदा याचे खापर ओल्या लाकडावर किंवा वाऱ्यावर फोडले जाते. ती कारणेही असतात, परंतु बहुतेक वेळा खरी चूक वेळेची असते. उघड्यावरची आग पेटल्यापासून विझेपर्यंत सारखी राहत नाही. तिच्या प्रत्येक अवस्थेत उष्णता वेगळ्या मार्गाने अन्नापर्यंत पोहोचते, आणि कोणता पदार्थ कोणत्या अवस्थेत आगीवर ठेवायचा हे ओळखण्यातच या स्वयंपाकाचे बहुतेक कौशल्य सामावलेले आहे.

पेटलेल्या ओंडक्याकडे जवळून पाहिले तर ज्वाला लाकडाला चिकटलेली नसून पृष्ठभागापासून किंचित वर तरंगत असल्याचे दिसते. लाकूड हे मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या पदार्थांचे बनलेले असते. तापमान साधारण 200 ते 300 अंश सेल्सिअसच्या घरात गेले की त्यांचे विघटन होऊन ज्वलनशील वायू व बाष्पे बाहेर पडतात. ही बाष्पे हवेतील ऑक्सिजनमध्ये मिसळून जळतात आणि आपल्याला ज्वाला दिसते. नुकत्याच विझलेल्या काटकीच्या धुराला पेटती काडी लावली तर ज्वाला धुरावरून उतरत पुन्हा काटकीपर्यंत पोहोचते, कारण तो धूर म्हणजे न जळलेले इंधनच असते. ज्वालेचा पिवळा रंगही जळता जळता तापून चमकणाऱ्या काजळीच्या सूक्ष्म कणांमुळे येतो. हेच कण थंड भांड्याला किंवा अन्नाला लागले की तेथेच बसतात आणि अन्नाला कडवट, काजळलेली चव येते.

ओल्या लाकडाची अडचण थोडी बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात कधी कधी निम्मे पाणी असते; नीट वाळवलेल्या सरपणात ते 15 ते 20 टक्क्यांवर येते. एक किलो पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता लागते, तर एक किलो वाळलेले सरपण साधारण 15,000 किलोज्यूल उष्णता देते. म्हणजे नुसत्या हिशेबाने पाहिले तर ओलावा आगीची सगळी उष्णता खाऊन टाकत नाही. तो खरा घात करतो तो तापमानाचा. ओंडक्याच्या कापलेल्या टोकाशी पाणी फसफसत बाहेर येत असते, तोवर त्या भागाचे तापमान 100 अंशांच्या फारसे वर चढत नाही. आतून निघणारे वायू पेट घेण्याइतके तापत नाहीत आणि इंधन धूर होऊन डोळ्यांत जाते.

वायू जळून संपले की मागे उरतो तो जवळजवळ शुद्ध कार्बन, म्हणजेच निखारा. त्याच्या पृष्ठभागावरच ऑक्सिजनशी संयोग होत असल्याने तो ज्वालेविना, स्थिरपणे आणि फारसा धूर न करता जळतो. त्याची उष्णता प्रामुख्याने प्रारणाच्या रूपाने, म्हणजे अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने, सर्व दिशांना जाते. भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ स्टेफान यांनी 1879 मध्ये मांडलेल्या नियमानुसार ही प्रारित ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे 273 अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या तापमानाच्या, चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. मंद लाल दिसणारा, सुमारे 700 अंशांचा निखारा वारा घालून 900 अंशांवर नेला, तर तापमान जेमतेम दोनशे अंशांनी वाढलेले असते, पण त्यातून बाहेर पडणारी उष्णता दुपटीहून अधिक होते. पंख्याच्या दोन झटक्यांत अन्न करपते ते यामुळेच. याउलट निखाऱ्यांवर चढलेला राखेचा पांढुरका थर ऑक्सिजनही अडवतो आणि धगही झाकतो. म्हणून आच कमी करायची असेल तर राख तशीच राहू द्यावी आणि वाढवायची असेल तर ती हलकेच झटकावी.

अन्नाच्या बाजूने पाहिले की निखाऱ्यांचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. भाजलेल्या पदार्थाचा तांबूस रंग आणि खमंग वास यांचे श्रेय मुख्यतः अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातील अभिक्रियांना जाते. लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये त्यांचे वर्णन केले. या अभिक्रिया सुमारे 140 अंशांच्या पुढे वेगाने घडतात, म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी उडून गेल्याखेरीज त्यांना जोर येत नाही. ओलसर पदार्थ आगीवर ठेवण्यापूर्वी पुसून कोरडा करावा, या सल्ल्याचे कारण हेच आहे. आतला भाग मात्र केवळ वहनाने तापतो आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: तुकडा दुप्पट जाड असेल तर मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. मोठ्या जाळावर तेवढा वेळ पृष्ठभाग टिकूच शकत नाही. मोठा बटाटा गरम राखेत पुरून ठेवला की तो हळूहळू, पण आतपर्यंत शिजतो, कारण राख उष्णतेची मंद वाहक असल्याने निखाऱ्याची तीव्र धग सौम्य होऊन त्याच्यापर्यंत जाते.

आच नियंत्रित करण्याची ही जाण अतिशय जुनी असावी. इस्राएलमधील गेशर बेनोत याकोव या स्थळी सापडलेल्या, सुमारे 7,80,000 वर्षांपूर्वीच्या माशांच्या दातांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. दातांच्या कवचातील स्फटिकांवरून असे दिसले की ते मासे थेट जाळात पडलेले नव्हते, तर त्याहून कमी तापमानावर शिजवलेले होते. इतक्या दूरच्या काळातील कोणीतरी आगीपासून योग्य अंतर राखत होते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

जाळ अगदी निरुपयोगी आहे असे मात्र नाही. पाणी उकळायचे असेल तर तोच उत्तम, कारण भांड्यात पाणी आहे तोवर त्यातील पदार्थ 100 अंशांच्या फारसा वर जात नाही. उंच डोंगरावर हा उत्कलनबिंदू दर 300 मीटरला सुमारे एक अंशाने उतरतो, त्यामुळे 3,000 मीटरवर पाणी साधारण 90 अंशांनाच उकळते आणि डाळ किंवा तांदूळ शिजायला जास्त वेळ लागतो; तिथे जाळ वाढवून उपयोग होत नाही, झाकण घट्ट बसवल्यानेच फरक पडतो. उघड्या आगीची बरीचशी उष्णता भांड्याला न लागता हवेत निघून जाते, म्हणून वाऱ्याच्या बाजूला आडोसा करणे हे आणखी एक लाकूड घालण्यापेक्षा अधिक फायद्याचे ठरते.

धुराला मी निव्वळ शत्रू मानत नाही. लिग्निनच्या विघटनातून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल यांसारखी संयुगे तयार होतात आणि शेकोटीवरच्या अन्नाचा तो खास स्वाद बराचसा त्यांचाच असतो. परंतु निखाऱ्यांवर टपकणारी चरबी जळून उठणाऱ्या धुरात बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन असतात. त्यांपैकी बेंझोपायरीन हे माणसात कर्करोग घडवणारे संयुग म्हणून वर्गीकृत आहे. मांस निखाऱ्यांच्या थेट वर न ठेवता किंचित बाजूला ठेवावे आणि करपलेला भाग काढून टाकावा. रंग दिलेले किंवा रसायने मुरवलेले लाकूड स्वयंपाकाच्या आगीत कधीही घालू नये, कारण त्यातील विषारी द्रव्ये धुरात आणि राखेत उतरतात. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही, पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन वायू निघतच असतो. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. पावसात ऊब मिळावी म्हणून निखाऱ्यांचे भांडे तंबूत नेण्याचा मोह जीवघेणा ठरतो.

आगीभोवती मांडायचे दगड नदीपात्रातून उचलू नयेत, कारण त्यांच्या भेगांत शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो. काम झाल्यावर निखारे वाळूने किंवा मातीने झाकून निघून जाणे हेही तितकेच घातक आहे: वरून आग दिसत नाही, पण खालची उष्णता कित्येक तास कोंडून राहते आणि अनवाणी पाय पडला तर गंभीर भाजते. त्याऐवजी पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी ओतावे, आणि हाताची मागची बाजू राखेजवळ नेल्यावर ऊब जाणवेनाशी होईपर्यंत हे चालू ठेवावे.