सायकल-भ्रमंतीची साधनसामग्री

अनेक दिवस किंवा महिने चालणाऱ्या सायकल प्रवासात निवारा, अंथरूण-पांघरूण, चूल आणि दुरुस्तीची हत्यारे स्वारालाच वाहून न्यावी लागतात, म्हणून या सामानाची पारख हा अशा भ्रमंतीच्या पूर्वतयारीचा गाभा होय. टॉमस स्टीव्हन्स यांनी १८८४ ते १८८६ या काळात उंच चाकाच्या सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्याजवळ मोजे, एक जादा सदरा असे मोजकेच सामान होते आणि अंगावरचा रेनकोटच ते तंबू व अंथरूण म्हणून वापरीत. एका वस्तूकडून दोन कामे करून घेण्याची ही दृष्टी आजही उपयोगी पडते.

भ्रमंतीच्या सायकलीची फ्रेम बहुधा पोलादी असते. तिचे मागचे चाक पॅडलपासून नेहमीपेक्षा थोडे दूर असल्याने टाच कॅरिअरला लावलेल्या पिशव्यांना घासत नाही. स्वार आणि सामान यांचा बहुतांश भार मागच्या चाकावर पडतो व त्याचेच स्पोक आधी तुटतात. त्यामुळे निदान या चाकाला तरी ३६ स्पोक असावेत. उजवीकडचा स्पोक बदलण्यासाठी मागची दातेरी चक्रे काढावी लागत असल्याने, जादा स्पोकांबरोबर ती चक्रे काढण्याचे हत्यार नसेल तर ते स्पोक निरुपयोगी ठरतात. साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर खराब रस्त्यावर धक्के शोषतात. चढासाठी पॅडलजवळचे सर्वांत लहान दातेरी चक्र मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चक्रापेक्षाही लहान असणे हिताचे असते.

जड वस्तू पिशव्यांच्या तळाशी ठेवून थोडा भार पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, आसाच्या उंचीवर, सारखा वाटून लावला, तर उतारावर सायकल हेलकावत नाही.

मुक्कामाच्या सामानात सर्वाधिक चुका झोपण्याच्या साधनांबाबत होतात. स्लीपिंग बॅगवर छापलेल्या तापमानांपैकी आरामदायी झोपेचे तापमानच खरेदीसाठी ग्राह्य धरावे, कारण सर्वांत खालचा, टोकाचा आकडा झोपेचा नसून केवळ जीव वाचण्याच्या शक्यतेचा असतो. शिवाय बॅगेत भरलेल्या, अंगाखाली दबलेल्या पिसांत किंवा तंतूंत हवा उरत नाही आणि ऊब हवेनेच टिकते; जमिनीकडे जाणारी उष्णता मॅट अडवते, म्हणून महागड्या बॅगेखाली पातळ मॅट घेणे ही काटकसर अंगाशी येते. पिसांची बॅग हलकी व लहान घडीची असली तरी भिजल्यावर तिची ऊब फार घटते, त्यामुळे ओलसर हवामानात कृत्रिम तंतूंची बॅग बरी.

गॅसची चूल स्वच्छ आणि सोपी असते. मात्र तिच्या डब्यात भरलेले ब्यूटेन हे इंधन सुमारे ० अंश सेल्सिअसखाली वायुरूप होत नाही, आणि भरलेले गॅसचे डबे विमानातून नेता येत नाहीत. थंड किंवा दुर्गम प्रदेशात पेट्रोलवर चालणारी चूल अधिक भरवशाची ठरते, जरी तिची काजळी वरचेवर साफ करावी लागली तरी.