थर्मासमधला चहा शिजत राहतो

शिवाजीनगरहून लोणावळ्याकडे जाणारी सकाळची लोकल सुटली की आमच्या डब्यात थर्मास उघडायला लागतात. झाकण फिरतं तसा आधी वास येतो. आलं, वेलदोडा आणि त्यांच्या मागून आटलेल्या दुधाचा जड वास. शेजारी बसणाऱ्या काकू पाच वाजता चहा करून भरून आणतात आणि मला अर्धा कप देतात. "अजून कसा चटका बसतोय बघ!" चटका खरंच बसतो. पण याच काकूंच्या घरी, त्यांच्याच हातचा, पातेल्यातून थेट कपात गाळलेला चहा मी प्यायले आहे, आणि तो हा नव्हे. पूड तीच, दूध तेच, हात तोच. मग मधल्या दोन तासांत काय बिघडलं? मी तळेगावला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

आधी चहा गार कसा होतो ते बघू. आपल्याकडे जुनी माणसं चहा बशीत ओतून प्यायची. बशीत चहाचा थर पातळ होतो, हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि वाफ भराभर निघून जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते आणि ती मागे उरलेल्या चहातूनच घेतली जाते. १५० ग्रॅम चहातून जेमतेम ३ ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं, तरी बाकीचा चहा सुमारे ११ अंशांनी उतरतो. म्हणून चहा गरम ठेवायचा तर पहिलं काम झाकणाचं. साध्या स्टीलच्या पेल्यावर ताटली ठेवली तरी फरक पडतो, तो याचमुळे.

झाकणानं वाफ अडली तरी उष्णता भांड्याच्या भिंतीतून बाहेर जात राहते. तिथे थर्मासची खरी करामत आहे. जेम्स ड्युअर या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १८९२ मध्ये एकात एक अशा दोन काचेच्या बाटल्या बसवून मधली हवा काढून टाकली. त्याला चहा न्यायचा नव्हता. कमालीच्या थंड द्रवरूप वायूंवर त्याचे प्रयोग चालू होते आणि बाहेरची उष्णता आत शिरू नये, एवढीच त्याची गरज होती. हवाच नसल्यामुळे त्या पोकळीतून वहन होत नाही आणि अभिसरणही होत नाही. उरतं प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपानं जाणारी उष्णता. ते परतवण्यासाठी काचेवर चांदीचा मुलामा. ड्युअरनं याचं पेटंट घेतलं नाही. १९०४ मध्ये जर्मनीत ही बाटली 'थर्मास' या नावानं विकायला निघाली. ग्रीक भाषेत 'थर्मे' म्हणजे उष्णता.

पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेणूंची रचना ओळखणाऱ्या एनएमआर यंत्रांचे महाकाय चुंबक आहेत. त्यांना उणे २६९ अंशांवर उकळणाऱ्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवावं लागतं आणि ते हेलियम ज्या टाकीत राहतं, ती ड्युअरच्या बाटलीचीच थोरली बहीण. काकूंच्या पिशवीतला थर्मास आणि तो चुंबक एकाच कल्पनेवर चालतात, याचं मला दर वेळी नव्यानं अप्रूप वाटतं.

आताचे थर्मास स्टीलचे असतात, आणि त्यालाही कारण आहे. तांबट आळीत घडणारं तांब्याचं भांडं उष्णता झरझर पुढे पोचवतं. स्टेनलेस स्टील त्या मानानं फार मंद, तांब्याच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास. आतली आणि बाहेरची भिंत फक्त गळ्याशी जोडलेली असते, तिथे हा मंदपणा कामी येतो. म्हणून थर्मास घेताना मी गळा बघते. तोंड जितकं रुंद, तितकी वरून जास्त गळती. सामान्य थर्मासची बहुतेक उष्णता गळा आणि झाकण इथूनच जाते. भिंत कितीही चमकदार असू दे, वर पातळ प्लॅस्टिकचं झाकण असेल तर फार अपेक्षा ठेवू नये. निर्वात पोकळी शाबूत आहे का, हे घरच्या घरी कळतं. आधण आलेलं पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवायचा. पोटाशी कोमट लागलं, तर हवा आत शिरली आहे आणि तो आता नुसता दुहेरी पेला उरला आहे. असा थर्मास दुरुस्त होत नाही.

हे सगळं ठीक. पण काकूंच्या चहाचं दुखणं उष्णता जाण्यात नव्हतंच. ते उष्णता टिकण्यात होतं.

रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांवरून ८५ वर गेलो, तर सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४ पट. थर्मासमध्ये ८५ अंशांवर काढलेला एक तास चहाच्या दृष्टीनं ओट्यावर गार पडून राहिलेल्या ६४ तासांसारखा. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा पक्की आहे. आपण चहा जपून ठेवतोय असं समजतो आणि तो आत मंद आचेवर शिजत असतो.

काय काय शिजतं? आपली नेहमीची दाणेदार पूड सीटीसी पद्धतीची. पान चिरडून, फाडून, वळवून बनवलेली. पान फाटल्यामुळे त्यातली विकरं (एन्झाइम) आणि हवा यांची गाठ पडते, कॅटेचिन नावाच्या रंगहीन पदार्थांपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन तयार होतात. चहाचा तांबूस रंग आणि जिभेवरचा तरतरीतपणा त्यांचाच. गरम पाण्यात हे पदार्थ एकमेकांशी आणि विरघळलेल्या ऑक्सिजनशी जोडले जात राहतात. मोठाले, गडद, चवीला मंद रेणू बनतात. म्हणून तासाभरानं चहाचा रंग काळपटतो आणि चवीतली धार जाते. त्यात गाळायचा राहिलेला चोथा असेल, तर तुरटपणा उतरतच राहतो. कॅफिन पहिल्या काही मिनिटांत बरंचसं उतरून जातं, पुढे जे येतं ते मुख्यतः तोंड आवळणारं टॅनिन.

दूध वेगळंच प्रकरण आहे. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन टॅनिनला धरून ठेवतं, त्यामुळे दुधाचा चहा घशाला मऊ लागतो. पण दुधातली पाण्यात विरघळलेली प्रथिनं, म्हणजे निवळीतली, उष्णतेनं उलगडतात आणि त्यांच्यातलं गंधक बारीक वासाच्या रूपानं सुटतं. पातेल्यावर हा वास हवेत विरतो. थर्मासमध्ये त्याला जायला जागाच नसते. झाकण उघडल्यावर येणारा तो जड वास हा. अमृततुल्यचा चहा दिवसभर उकळत असतो तरी तसा का लागत नाही, असं मला विद्यार्थी विचारतात. तिथे पितळी पातेलं उघडं असतं, वाफ जात असते आणि चहा पुनःपुन्हा नवा होत असतो. शिळा व्हायला त्याला उसंतच मिळत नाही.

दुधाबद्दल आणखी एक गोष्ट मी कळकळीनं सांगते. उकळल्यानं दुधातले जिवाणू मरतात, पण बॅसिलस सीरियससारख्यांचे बीजाणू उकळीतूनही वाचतात. चहा ६० अंशांच्या खाली घसरला की ते जागे होतात आणि कोमट, गोड, दुधाळ थर्मास ही त्यांच्यासाठी पर्वणीच. सकाळी भरलेला दुधाचा चहा दुपारी ऑफिसात 'अजून कोमट आहे' म्हणून पिऊ नका. दोन तासांत संपवा, नाहीतर ओतून द्या.

आलं घालणाऱ्यांसाठी एक जोड. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं, ते दूध फाडतं. उकळीनं ते निकामी होतं. म्हणून आलं आधी पाण्यात खळखळून उकळायचं आणि दूध मागाहून. आपल्या आज्या हे विकराचं नाव न ऐकताच करत आल्या आहेत.

मग प्रवासात न्यायचं काय? माझं उत्तर एवढंच की सोबत उष्णता न्यावी, चहा नको. थर्मासमध्ये नुसतं आधणाचं पाणी भरावं आणि चहा तिथेच करावा. पाणी शिजून बिघडत नाही. त्यातही थर्मास आधी गरम पाण्यानं दोन मिनिटं विसळून घ्यावा, नाहीतर आतलं थंड स्टीलच पहिला घास घेतं. आणि काठोकाठ भरावा. अर्धवट भरलेला थर्मास लवकर निवतो, कारण उष्णतेचा साठा निम्मा आणि गळ्यातून जाणारी गळती जवळपास तीच. पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या पुढे असल्यानं इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला आणखी दोन-तीन अंश खाली. काळ्या चहाला एवढं पुरतं.

तयार चहाच न्यायचा असेल, तर कोरा आणि नीट गाळलेला न्यावा. निलगिरीचा पानाचा चहा यासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो. तो गार झाल्यावरही बराच नितळ राहतो. आसामचा कडक चहा गार होताना गढूळ होतो, कारण कॅफिन आणि थिआफ्लेविन एकत्र येऊन बारीक कण धरतात. तो नासलेला नसतो, तापवला की पुन्हा स्वच्छ होतो. दार्जिलिंगच्या पहिल्या खुडणीचा चहा मात्र थर्मासमध्ये कोंडू नये. त्याची सगळी श्रीमंती उडून जाणाऱ्या सुगंधात आहे आणि तासाभरात ती मातीमोल होते. ग्रीन टी तर ७५-८० अंशांचाच माणूस. थर्मासमध्ये तो पिवळट-तपकिरी आणि कडू होतो. तो उलट्या बाजूनं न्यावा. रात्री गार पाण्यात पानं भिजत घालून फ्रीजमध्ये ठेवायची, सकाळी ते पाणी गाळून थर्मासमध्ये भरायचं. गार पाण्यात कडवट कॅटेचिन आणि कॅफिन कमी उतरतात, गोडसर थिॲनिन मात्र येतं. एप्रिलच्या दुपारी लोकलमधून उतरताना याच्यासारखं सुख नाही.

आणि गवती चहा! घरामागच्या कुंडीतली चार पाती कुस्करून उकळलेलं पाणी थर्मासमध्ये छान राहतं, कारण त्यात टॅनिन जवळजवळ नाही. त्याचा वास सिट्राल या सुगंधी द्रव्याचा. लिंबू मात्र आधी पिळू नका. आम्लात सिट्राल टिकत नाही, लिंबाची फोड वेगळी न्यावी.

चालता चालता घोट घेण्याचे मग वेगळे. त्यांचं झाकण पिण्यासाठी बनवलेलं असतं, उष्णता रोखण्यासाठी कमी. अर्धा-पाऊण तासाच्या प्रवासाला ते पुरतात. उलट चांगला थर्मास थेट तोंडाला लावणं धोक्याचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेयं 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातली, आणि संबंध अन्ननलिकेच्या कर्करोगाशी आहे. मला झाकणाचाच कप होणारे जुने थर्मास म्हणून आवडतात. कपात ओतलं की दोन मिनिटांत चहा पिण्याजोगा होतो.

वासाचा दोष बहुतेकदा स्टीलचा नसतो. झाकणातली सिलिकॉनची रिंग वेलदोड्याचं तेल शोषून घेते आणि दुसऱ्या दिवशीच्या पाण्याला परत देते. रिंग काढून धुता येईल असंच झाकण घ्या आणि शक्य तर कोऱ्या पाण्याचा थर्मास वेगळा ठेवा. आतला तपकिरी थर गरम पाण्यात खाण्याचा सोडा रात्रभर ठेवला की सुटतो. ब्लीच घालू नका, क्लोरीन स्टीलवरचा क्रोमियमचा संरक्षक पापुद्रा खातो.

काकूंना मी हे सगळं सांगितलं. त्यांना दूध हवंच, त्यामुळे आता दुधाच्या पावडरीची डबी आणि साखर वेगळी, थर्मासमध्ये आधणाचं पाणी. खडकी सुटली की त्या कपात चहाची पुडी बुडवतात, दापोडी आली की काढतात. पावडर ढवळून अर्धा कप माझ्याकडे येतो. कालच्या कपात किसलेली सुंठही होती.