जमीन भाडेपट्ट्याने देणे आणि जमिनीवरून वीजवाहिनी जाऊ देणे

सौर आणि पवनऊर्जेचे प्रकल्प ज्या भागात येऊ घातले आहेत, तिथल्या खातेदारांपुढे बहुधा दोन वेगळ्या मागण्या येतात. एका मागणीत जमीन पंचवीस-तीस वर्षांसाठी भाडेपट्ट्याने हवी असते, कारण तिच्यावर पॅनेल उभारायची असतात. दुसऱ्या मागणीत तयार झालेली वीज उपकेंद्रापर्यंत नेण्यासाठी शेतात मनोरा उभा करायचा असतो किंवा शेतावरून तारा ओढायच्या असतात. दोन्ही वेळा कोणीतरी नकाशा घेऊन बांधावर येते, सातबारा मागते आणि सहीसाठी कागद पुढे करते, त्यामुळे हे दोन्ही व्यवहार एकाच मापाने मोजले जातात. या गल्लतीची किंमत मोठी आहे. जिथे शेतकऱ्याला नकार देण्याचा आणि अटी घालण्याचा पूर्ण अधिकार असतो, तिथे तो छापील करारावर मुकाट्याने सही करतो. आणि जिथे निव्वळ नकार कायद्यापुढे टिकत नाही, तिथे तो महिनोन्‌महिने नकारावर अडून बसतो व भरपाईची मोजणी त्याच्या पाठीमागे उरकली जाते.

भाडेपट्टा हा संमतीचा व्यवहार आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०५ नुसार भाडेपट्ट्यात ठरावीक काळासाठी, ठरलेल्या मोबदल्यात जमिनीचा उपभोग घेण्याचा हक्क दुसऱ्याला दिला जातो. मालकी मूळ मालकाकडेच राहते. कलम १०७ नुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करता येतो. म्हणजे दुय्यम निबंधकासमोर जाऊन सही करेपर्यंत शेतकऱ्याचा हात वर असतो. दर, दरवाढ, मुदत, ताबा आणि परतीच्या अटी या सगळ्या गोष्टी तो मागू शकतो आणि पटल्या नाहीत तर उठून येऊ शकतो. आपल्या जमिनीवर सौर प्रकल्प यावा असे ज्याला वाटते, त्याची ती इच्छाही त्याच्या मालमत्तेच्या हक्काचाच भाग आहे, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे. पाऊस दगा देणाऱ्या हलक्या माळरानावर दरवर्षी ठरलेले भाडे मिळवणे हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो, आणि तो घेणाऱ्याला ‘जमीन फुंकणारा’ म्हणणे अन्यायाचे आहे.

महाराष्ट्रात या व्यवहाराभोवती एक जुनी भीती आहे, ती म्हणजे कुळाची. जमीन कसणारी कुळे ज्या दिवशी तिची खरेदीदार मानली गेली, त्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाची आठवण अनेक घराण्यांत अजून ताजी आहे, आणि भाड्याने दिलेली जमीन हातची जाते ही समजूत तिथूनच आली आहे. परंतु कुळाचा हक्क जमीन कसण्याशी जोडलेला आहे. पॅनेल उभारणारी कंपनी ती जमीन कसत नाही. तरीही हा मुद्दा गृहीत न धरता, भाडेपट्ट्यातून कसलाही कूळहक्क किंवा मालकीहक्क निर्माण होणार नाही, असे कलम दस्तात स्पष्ट लिहून घेणेच योग्य.

वीजवाहिनीचा कायदा वेगळ्या मुळातून आला आहे. विद्युत अधिनियम, २००३ याच्या कलम १६४ नुसार शासन वीजवाहिनी टाकणाऱ्या संस्थेला भारतीय तार अधिनियम, १८८५ मधील तार प्राधिकरणाचे अधिकार देऊ शकते. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने तार अधिनियमाची जागा घेतली असली, तरी वीजवाहिन्यांपुरता जुन्या अधिनियमाचा संबंधित भाग कायम ठेवण्यात आला आहे. त्यातील कलम १० प्रमाणे संस्थेला जमिनीची मालकी मिळत नाही, भाडेपट्टाही मिळत नाही. मिळतो तो केवळ वापराचा हक्क. त्या बदल्यात तिने शक्य तितके कमी नुकसान करायचे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची. जमीनमालकाने अडवले तर कलम १६ नुसार जिल्हा दंडाधिकारी काम सुरू करण्याची परवानगी देऊ शकतात. असे अधिकार मिळालेल्या संस्थेला जमीनमालकाची पूर्वसंमती घ्यावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या प्रकरणातील डिसेंबर २०१६ च्या निकालात स्पष्ट केले आहे. ही स्थिती शेतकऱ्याला आवडण्यासारखी नाही आणि ती बदलावी अशी मागणी करणे रास्तच आहे. पण ती बदलेपर्यंत तिच्याकडे डोळेझाक करण्याने नुकसान शेतकऱ्याचेच होते.

मग वाहिनीच्या बाबतीत मालमत्तेचा हक्क उरतो कुठे? तो भरपाईत उरतो, आणि तिथे तो बराच भक्कम आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी तिच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के भरपाई सुचवली होती. जून २०२४ च्या सुधारित सूचनांनी हे प्रमाण अनुक्रमे २०० टक्के आणि ३० टक्क्यांवर नेले. या सूचना राज्यांनी स्वीकारायच्या असतात, म्हणून आपल्या वाहिनीला राज्याचा कोणता शासन निर्णय लागू आहे हे प्रांत कार्यालयात लेखी विचारणे हे पहिले काम ठरते. भरपाई अपुरी वाटली, तर तार अधिनियमाच्या कलम १६ मध्येच जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करण्याची वाट ठेवलेली आहे. असा अर्ज तपासताना जमीन कुठे आहे, तारा तिच्या मध्यातून जातात की कडेने, उरलेल्या जमिनीचा वापर किती अडतो, या बाबी विचारात घ्याव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने केरळ राज्य विद्युत मंडळ विरुद्ध लिविशा या २००७ च्या निकालात सांगितले आहे.

आकडे मांडून पाहिले की फरक लख्ख होतो. समजा, हेक्टरी २० लाख रुपये किमतीच्या शेतातून २२० केव्ही (किलोव्होल्ट) दाबाची वाहिनी २०० मीटर लांब जाते आणि एक मनोरा शेतात येतो. या दाबाच्या वाहिनीचा पट्टा साधारण ३५ मीटर रुंद धरतात, म्हणजे ७,००० चौरस मीटर, सुमारे ६९ गुंठे. मनोऱ्याच्या चार पायांमधील अंतर १२ मीटर धरले, तर नव्या सूचनांप्रमाणे प्रत्येक बाजूला एक मीटर वाढवून १४ गुणिले १४, म्हणजे १९६ चौरस मीटर, जेमतेम दोन गुंठे होतात. २०० टक्क्यांनी पायाचे ७८,४०० रुपये आणि ३० टक्क्यांनी पट्ट्याचे ४,२०,००० रुपये, मिळून ढोबळमानाने पाच लाख, तेही एकदाच. आता तेवढीच जमीन शेतीपंपांना सौरवीज देण्यासाठीच्या राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये गेली असे धरू. या योजनेत वर्षाला हेक्टरी १,२५,००० रुपये किंवा नोंदणी विभागाने निर्धारित केलेल्या किमतीच्या ६ टक्के, यांपैकी जास्त असेल ती रक्कम आणि पहिल्या भाड्यावर दरवर्षी ३ टक्के सरळ वाढ असा दर ठरवण्यात आला आहे. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी ८७,५०० रुपये येतात आणि सहाव्या वर्षीच एकूण भाडे वाहिनीच्या भरपाईच्या पुढे जाते.

मात्र एवढ्यावरून वाहिनीत फसवणूक आणि भाडेपट्ट्यात सोने असा निष्कर्ष काढू नये. तारांखाली पीक घेता येते. ज्वारी, हरभरा, सोयाबीन यांना अडचण नसते. अडते ते घर, उंच झाड, नवी बोअर मारण्यासाठी उभे करावे लागणारे यंत्र आणि पुढेमागे बिगरशेती करण्याची शक्यता. भाडेपट्ट्यात मात्र कुंपण पडते आणि एक पिढीभर त्या जमिनीवर मालकाचे पाऊल पडत नाही. तरीसुद्धा मनोरा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहणार असेल, तर त्याचा मोबदलाही वार्षिक असावा ही शेतकऱ्यांची मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते. वापराचा हक्क सतत चालू असताना पैसे एकदाच देण्याचे समर्थन अवघड आहे.

भाडेपट्ट्याच्या दस्तात बारकाईने पाहण्याची पहिली जागा म्हणजे दोन तारखा, ताब्याची आणि भाडे सुरू होण्याची. पुष्कळ मसुद्यांत ताबा सहीच्या दिवशी जातो आणि भाडे प्रकल्पातून वीज सुरू झाल्यावर लागू होते. मधली दोन वर्षे शेत ना कंपनीच्या कामाचे ना मालकाच्या. त्याआधीचा टप्पा समजुतीच्या कराराचा असतो, ज्यात किरकोळ रक्कम देऊन जमीन अडकवून ठेवली जाते. त्या करारात मुदत संपताच जमीन आपोआप मोकळी होईल असे वाक्य नसेल, तर सही करू नये. दुसरी जागा गहाणाची. कंपनी कर्जासाठी आपला भाडेपट्ट्याचा हक्क बँकेकडे गहाण ठेवते, यात गैर काही नाही, पण जमिनीची मालकी त्या गहाणात येणार नाही हे शब्दांत असायला हवे. शेवटची जागा परतीची. पॅनेलखालचे लोखंडी खांब, काँक्रीटचे पाये आणि जमिनीत पुरलेल्या केबल कोण काढणार, किती दिवसांत, आणि कंपनी बुडाली तर त्याचा खर्च कशातून निघणार, याची तजवीज म्हणून बँक हमी मागणे अजिबात अवास्तव नाही. भाड्याचे हे उत्पन्न प्राप्तिकराच्या दृष्टीने शेतीचे उत्पन्न नसते, हेही आधीच लक्षात घेतलेले बरे.

मोठ्या प्रमाणावर भाडेपट्टा कसा चालतो हे पाहायचे तर कर्नाटकातील तुमकुरू जिल्ह्यातले पावगडा उदाहरण आहे. तिथे सुमारे १३,००० एकर जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेण्यात आली आणि २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान उभे राहिले. भाडे एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. सतत दुष्काळ सोसणाऱ्या त्या भागात जमीनमालकांना निश्चित उत्पन्न मिळाले. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती आणि जे त्याच शेतांवर मजुरीला जात, त्यांची मजुरी मात्र गेली आणि भाड्यात त्यांचा वाटा नव्हता. जमीनमालकाच्या हक्काची बाजू मांडताना ही गोष्ट दडपून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

वाहिनीच्या बाबतीत सगळे लक्ष पंचनाम्यावर हवे. मनोऱ्याच्या पायाची खोदाई, मनोरा उभारणी आणि तारा ओढणे अशा तीन वेळा माणसे व यंत्रे शेतात येतात, आणि प्रत्येक वेळी पीक तुडवले जाते. म्हणून पंचनामाही प्रत्येक वेळी झाला पाहिजे. झाडांची जात, वय आणि संख्या, विहीर, पाइपलाइन, ठिबक हे सगळे त्यात यावे, सामाईक खाते असेल तर सर्व हिस्सेदारांची नावे यावीत, आणि प्रत हातात पडल्याशिवाय सही करू नये. तार अधिनियमाच्या कलम १७ मध्ये एक फारशी माहीत नसलेली सोय आहे: पुढे जमिनीचा वेगळा उपयोग करायचा झाल्यास वाहिनी हलवण्याची किंवा बदलण्याची मागणी मालक करू शकतो, आणि आधी भरपाई घेतलेली असेल तर हलवण्याचा खर्च किंवा घेतलेल्या भरपाईची निम्मी रक्कम, यांपैकी कमी असेल ती भरावी लागते.

सर्वांत जास्त गोंधळ या दोहोंच्या मधल्या जागेत होतो. एका शेतकऱ्याने भाडेपट्ट्याने जमीन दिली की तिथली वीज ११ किंवा ३३ केव्हीच्या तारांनी उपकेंद्राकडे न्यावी लागते, आणि त्या तारा शेजाऱ्याच्या शेतातून जातात. पवनचक्कीच्या करारात तर चक्कीचा पाया, रस्ता आणि तारा हे तिन्ही विषय एकाच कागदात गुंफलेले आढळतात. ते वेगवेगळे करून प्रत्येकाचा मोबदला स्वतंत्र मागितला पाहिजे. अशा वेळी शेजाऱ्याला सांगितले जाते की सरकारी काम आहे, अडवता येणार नाही. परंतु कलम १६४ चे अधिकार कंपनीला आपोआप मिळत नाहीत, त्यासाठी शासनाचा आदेश लागतो. तो आदेश नसेल, तर २००६ च्या अनुज्ञप्तिधारकांच्या (म्हणजे परवानाधारक वीज कंपन्यांच्या) कामांविषयीच्या नियमांप्रमाणे मालकाची संमती हवी, आणि त्याने हरकत घेतली तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, पोलीस आयुक्तांची किंवा राज्य शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. शिवाय केंद्राच्या भरपाईविषयक सूचना ६६ केव्ही आणि त्यापुढच्या वाहिन्यांसाठी आहेत, त्यामुळे या लहान वाहिन्यांचा दर बहुतांशी आपसांत ठरतो. म्हणून खांबासाठी खड्डा पाडण्याआधी कलम १६४ चा आदेश लेखी मागावा. तो दाखवता आला नाही आणि वर सांगितलेली लेखी परवानगीही नसेल, तर त्या खांबाचा आणि तारेचा मोबदला आपल्या अटींवर ठरवण्याचा अधिकार शेजाऱ्याला आहे, आणि त्याने तो वापरावा.