सरदारांचा पुतळा 'चिनी' आहे का?

नाशिकहून सापुताऱ्यामार्गे सरदार पटेलांचा पुतळा ('स्टॅच्यू ऑफ युनिटी') बघायला गुजरातेतल्या केवडियाची सहल निघाली की गाडीत कोणीतरी ठासून सांगतंच, 'अहो, तो पुतळा आख्खा चीनमध्ये बनलाय!' २०१८पासून फिरणारं हे अर्धसत्य आहे.

चीनमध्ये ओतले गेले ते पुतळ्यावरचे ब्राँझचे पत्रे. आतला काँक्रीट-पोलादाचा १८२ मीटरचा डोलारा जागेवरच उभा राहिला. आणि चेहरा, खांद्यावरची शाल, धोतराच्या चुण्या? ते काम शिल्पकार राम सुतारांचं. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले, उमेदीच्या काळात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीत रमलेले. चंबळ नदीवरच्या गांधीसागर धरणापाशी त्यांनी ४५ फुटी देवी घडवली तेव्हा या पुतळ्याजवळचं सरदार सरोवर धरण कुठे होतं!

सरदारांची प्रतिकृती त्यांनी आधी ३ फुटी केली, मग १८, मग ३० फुटी. तिचं डिजिटल मोजमाप घेऊन आकार वाढवला आणि त्यानुसार पत्रे ओतले. शिल्पकार मूळ रूप घडवतो, ओतकाम भट्टीवाले करतात. सार्वजनिक शिल्पांत ही वाटणी नेहमीचीच. ओतकाम भारतात का झालं नाही, हा प्रश्न जरूर विचारा. तो रास्त आहे. पण त्यापायी गोंदूरच्या सुतारांना चिनी ठरवू नका.