छातीदुखी, हृदयेतर (तरुण वयातील)

छातीत दुखणे, टोचणे, जळजळणे, दडपण येणे किंवा धडधडणे अशा तक्रारींचे मूळ हृदयात नसते, तेव्हा त्यांना हृदयेतर छातीदुखी म्हणतात. अठरा ते पस्तीसच्या वयात छातीच्या बहुतेक तक्रारी याच गटात मोडतात. हा एकच एक रोग नाही. बरगड्या, स्नायू, अन्ननलिका, फुप्फुसे, त्वचेखालच्या नसा आणि मन यांपैकी कुठूनही दुखणे उठू शकते. हृदयेतर म्हणजे निरुपद्रवी, असा अर्थ मात्र काढू नये. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी हृदयात नसते, पण जीव घेऊ शकते.

सोलापुरातल्या दवाखान्यात अशी तक्रार बहुधा ठरलेल्या शब्दांत येते: “गॅस धरलाय”, “उसण भरलीय”, “डाव्या बाजूला टोचायलंय”. रुग्ण काय सांगतो याबरोबरच तो जागा कशी दाखवतो, हेही पाहण्यासारखे असते. एका बोटाने नेमका ठिपका दाखवला तर दुखणे बरगडीचे किंवा स्नायूचे असण्याकडे कल जातो. छातीच्या मध्यावर मूठ ठेवून “इथं आवळल्यासारखं होतंय” असे कोणी म्हटले, तर डॉक्टर आधी ईसीजी काढतात. हा नियम पक्का नाही, पण फुकटात मिळणारी ही माहिती अनेकदा दुर्लक्षिली जाते.

बरगड्या आणि स्नायू

बरगडी जिथे कूर्चेने उरोस्थीला, म्हणजे छातीच्या मध्यावरच्या हाडाला, जोडलेली असते, तिथे दाह झाल्यास दाबल्यावर नेमके तेच दुखणे उठते. दुसरी ते पाचवी बरगडी ही त्याची नेहमीची जागा. खोकला, जड वजन किंवा जोराची हालचाल असे निमित्त कधी सापडते, कधी सापडत नाही. त्या जागी सूजही असेल तर तो टिट्झचा विकार. जर्मन शस्त्रचिकित्सक अलेक्झांडर टिट्झ यांनी १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले होते. याहून विचित्र प्रकार म्हणजे बसल्या जागी अचानक सुई टोचल्यासारखी येणारी कळ. श्वास घेतला की ती वाढते, म्हणून माणूस अर्धाच श्वास घेत राहतो, आणि काही सेकंदांत किंवा दोन-तीन मिनिटांत ती आली तशी निघून जाते. मिलर आणि टेक्सिडोर यांनी १९५५ मध्ये तिची नोंद केली. शाळकरी मुले आणि तरुण यांच्यात ती सर्रास आढळते, तिला औषध लागत नाही, आणि तरीही तिच्याइतकी घाबरवणारी कळ दुसरी नसेल.

शहरातल्या कामधंद्याचा इथे थेट संबंध येतो. सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल ज्या यंत्रमागांवर निघतात, तिथे सुताने भरलेला बीम (सूत गुंडाळलेला जड रूळ) मागावर चढवताना खांदा आणि छातीचे स्नायू एकदम ताणले जातात. दुखणे उमटते दुसऱ्या दिवशी. पूर्व भागातल्या आणि नीलमनगरच्या घरांतून विडी वळणाऱ्या बायकांचे काम वेगळे. मांडीवर सूप, मान खाली, दोन्ही कोपरे अंगाशी आवळलेले. पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते, त्यामुळे मध्येच उठून पाठ ताणायला कोणी थांबत नाही. छातीचे पुढचे स्नायू त्यामुळे आखडतात आणि गळपट्टीच्या हाडाखाली दुखू लागते. हात मागे नेऊन छाती ताणल्यावर नेमके तेच दुखणे जाणवले, तर निदान जवळपास झाल्यासारखे असते. व्यायामशाळेत पहिल्याच आठवड्यात बेंच प्रेस मारणाऱ्या मुलाचे दुखणे याच जातीचे.

अन्ननलिका

जठरातले आम्ल वर चढले की उरोस्थीच्या मागे जळजळते. अन्ननलिका आणि हृदय यांच्या वेदना नेणाऱ्या नसा मेंदूकडे जाताना जवळजवळ एकाच वाटेने जातात. म्हणून दोन्हींचे दुखणे सारखेच भासते. दोष शेंगा चटणीच्या माथी मारण्याची पद्धत आहे. तिखटाने कित्येकांना त्रास होतो हे खरे, आणि शेंगदाण्यातल्या तेलामुळे जठर रिकामे व्हायला वेळ लागतो हेही खरे. पण रात्रपाळी संपवून कडक भाकरीबरोबर ती भरपेट खायची आणि लगेच आडवे व्हायचे, यात चटणीपेक्षा आडवे होण्याचा वाटा मोठा असतो. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवणे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणे हे पहिले उपाय. मावा, सिगारेट आणि दिवसभराचा चहा हे आम्ल आणि धडधड दोन्ही वाढवतात.

एक कारण तरुणांत हमखास सुटते. मुरमांसाठी दिलेली डॉक्सिसायक्लिनची गोळी घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच झोपले, तर ती अन्ननलिकेतच चिकटून व्रण करते. गिळताना छातीच्या मध्ये जीवघेणे दुखते. गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यावी लागते.

सोडा किंवा पित्ताचे औषध घेऊन बरे वाटले म्हणजे हृदयाचे काही नाही, असे सिद्ध होत नाही. उलटही तसेच: हृदयाच्या दुखण्यात जिभेखाली ठेवायला देतात त्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळीने अन्ननलिकेचा पेटकाही सुटतो.

फुप्फुसे

उंच, सडपातळ तरुणाला, विशेषतः तो धूम्रपान करत असेल तर, एका बाजूला अचानक दुखून धाप लागल्यास फुप्फुसाबाहेर हवा शिरल्याची शंका घेतात. तातडीने एक्स-रे लागतो. संध्याकाळचा ताप, घटते वजन आणि एका कुशीला दीर्घ श्वासात होणारी वेदना असेल तर क्षयामुळे फुप्फुसावरणात पाणी झाले असण्याची शक्यता आपल्याकडे पहिली मानतात. त्याचा साधा औषधोपचार सहा महिन्यांचा. बाळंतपणानंतर, प्लास्टरमध्ये दीर्घकाळ पडून राहिल्यावर किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना धाप आणि छातीदुखी एकत्र आली, तर गुठळीचा विचार आधी होतो. दम्यात शिट्टीचा आवाज न येता केवळ छाती आवळल्यासारखी वाटू शकते.

कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा गिरण्यांचा जुना आजार. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत सैल पडते, ही त्याची खूण. तो मुख्यतः कापूस पिंजणाऱ्या व कातणाऱ्या खात्यांत, बरीच वर्षे काम केल्यावर होतो, विणकामात कमी. शहरातल्या मोठ्या गिरण्या बंद पडल्यामुळे तरुणांत त्याचा विचार क्वचितच करावा लागतो.

नागीण

अंगावर पुरळ येण्याआधी काही दिवस छातीच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी जळजळ होते. या काळात ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) सारे नॉर्मल येते आणि सगळेच बुचकळ्यात पडतात. पुरळ दिसल्यावर ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू झाले तर फायदा होतो. घरोघरी गेरू लावण्यात नेमके तेच तास जातात.

मन आणि श्वास

१८७१ मध्ये अमेरिकी वैद्य जेकब मेंडेस दा कोस्टा यांनी यादवी युद्धातल्या सैनिकांच्या छातीदुखी, धडधड आणि धाप यांचे वर्णन प्रसिद्ध केले. बहुतेकांच्या हृदयात दोष सापडत नव्हता. आज त्यातला बराच भाग भीतीच्या झटक्यांत गणला जातो. झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला पोहोचतो: छाती दडपते, घाम फुटतो, आता मरतोच असे वाटते. भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि ओठ व बोटांना मुंग्या येतात. या मुंग्यांनाच हृदयविकाराच्या झटक्याची खूण समजून घबराट आणखी वाढते. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणारी मुले आणि नातेवाइकाचा हृदयविकाराने नुकताच मृत्यू पाहिलेले तरुण यांत हे विशेष दिसते. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना सल्ला आता देत नाहीत. “टेन्शन घेऊ नकोस” हा सल्ला तर कधीच उपयोगी नव्हता; समुपदेशन आणि गरजेप्रमाणे औषधे यांनी गुण येतो. धडधड मुख्य असेल तर मनावर शिक्का मारण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावे.

तपासणी

भारतीयांत हृदयविकाराचा झटका पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात येतो, त्यामुळे केवळ वय पाहून हृदय वगळता येत नाही. चालताना किंवा जिना चढताना येणारे व थांबल्यावर जाणारे दुखणे, जबड्याकडे किंवा हाताकडे पसरणारी कळ, दरदरून घाम, भोवळ, ताप-सर्दीनंतर आलेली धाप, घराण्यात तरुण वयातला आकस्मिक मृत्यू यांपैकी काहीही असल्यास तडक मोठे रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘सिव्हिल’, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हावा, असा सर्वमान्य दंडक आहे. पहिला ईसीजी नॉर्मल येऊनही झटका असू शकतो. म्हणून संशय असल्यास काही तासांनी तो पुन्हा काढतात आणि रक्तातले ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे प्रथिन) दोनदा पाहतात.

हृदय निर्दोष ठरल्यावर खरे काम सुरू होते, आणि ते बहुतेक ठिकाणी तिथेच संपते. “काही नाही, गॅस आहे” एवढे ऐकून घरी गेलेला रुग्ण महिन्याभरात दुसऱ्या दवाखान्यात तोच ईसीजी पुन्हा काढतो. बरगड्या दाबून पाहणे, हात मागे ताणून पाहणे, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा विचारणे, चालू गोळ्यांची नावे विचारणे यांना पाच-दहा मिनिटे लागतात आणि कारणाला नाव मिळते. बरगडीचा दाह शेक आणि वेदनाशामकांनी काही आठवड्यांत, काहींचा काही महिन्यांत ओसरतो. आम्लासाठी चार ते आठ आठवडे गोळ्या देऊन फरक पाहतात. मधल्या काळात दुखण्याची जात बदलली, म्हणजे टोचण्याचे दडपण झाले किंवा श्रमाशी त्याचा संबंध दिसू लागला, तर जुना नॉर्मल कागद जमेस न धरता ईसीजी नव्याने काढतात.