‘पेन’ आणि ‘पू’: प्राचीन इजिप्तच्या भाषेतली एक फसवी जोडी

प्राचीन इजिप्तची भाषा शिकताना दोन छोटे शब्द हमखास घोटाळा करतात: ‘पेन’ आणि ‘पू’. दोन्हींची सुरुवात एकाच चिन्हाने, ‘प’च्या लहानशा चौकोनाने होते. ‘पेन’मध्ये त्याला पाण्याची नागमोडी रेघ जोडलेली असते आणि ‘पू’मध्ये लावा पक्ष्याचं पिल्लू. त्या लिपीत स्वर लिहीत नसत, तेव्हा ‘पेन’मधला ‘ए’ हा अभ्यासकांनी वाचनाच्या सोयीसाठी घातलेला आहे.

मूळ दोघांचंही दर्शकाचंच, म्हणजे ‘हा’ असं बोट दाखवणाऱ्या शब्दाचं. पिरॅमिडमधल्या जुन्या मंत्रांत ‘पू’ हासुद्धा ‘हा’ या अर्थाने येतो. पण मध्य राज्याच्या काळापर्यंत, म्हणजे ढोबळमानाने इ.स.पू. २०००च्या सुमारास, वाटा वेगळ्या झाल्या होत्या. ‘पेन’ दर्शकच राहिला. ‘पू’ने मात्र वाक्य जुळवण्याचं काम हाती घेतलं: ‘तो अमुक आहे’, ‘ते अमुक आहे’. ‘नेचेर पेन’ म्हणजे ‘हा देव’, आणि ऐकणारा पुढच्या शब्दांची वाट पाहतो. ‘नेचेर पू’ म्हणजे ‘तो देव आहे’. इथे वाक्य संपलं.

हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो बोलक्या शेतकऱ्याच्या प्रसिद्ध कथेत. तिची सुरुवात अशी: ‘से पू वेन खुएन-इनपू रेन-एफ, सेख्ती पू एन सेखेत-हेमात’. एक माणूस होता, नाव खुएन-इनपू; तो मीठ-शिवाराचा शेतकरी होता. (नावातल्या ‘इनपू’चा आपल्या ‘पू’शी संबंध नाही; तो अनुबिस देव.) ‘होता’ हा काळ आपण संदर्भावरून लावायचा, कारण ‘पू’ला काळच नसतो. लगेच पुढे कथा म्हणते: ‘जेद-इन सेख्ती पेन एन हेमेत-एफ तेन’. मग हा शेतकरी आपल्या या बायकोला म्हणाला. आधी ‘सेख्ती पू’ने ओळख करून दिली, मग ‘सेख्ती पेन’ने त्याच माणसाकडे बोट दाखवलं. नवीन माणूस कथेत आणायचा आणि आणलेल्याचा धागा पुढे न्यायचा, ही दोन कामं किती नेमकेपणाने वाटून दिली आहेत पाहा! मला या कथेची सुरुवात व्याकरणाच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा चांगला धडा वाटते.

जागेवरून ओळखू म्हणाल तर फसाल. दोन्ही नामानंतरच येतात, आणि ‘पू’ तर बिनदिक्कत शब्दसमूहाच्या मध्ये शिरतो. ‘मीठ-शिवाराचा शेतकरी’ ही एकच कल्पना, पण ‘पू’ ‘शेतकरी’ आणि ‘मीठ-शिवाराचा’ यांच्या मधोमध बसला आहे. सिनुहेच्या कथेतही तेच: ‘ता पू नेफेर’, तो चांगला प्रदेश होता. ‘प्रदेश’ आणि ‘चांगला’ यांच्यात ‘पू’.

खरी कसोटी लिंगाची. वरच्या वाक्यात बायको आली तशी ‘पेन’चं ‘तेन’ झालं, कारण दर्शक नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो. अनेकवचनात तर ‘नेन’ नामाच्या आधी जाऊन बसतो आणि मध्ये ‘एन’ घेतो. ‘पू’ मात्र ढिम्म हलत नाही. वेस्टकार पपायरस या जुन्या कथासंग्रहात जेदी हा जादूगार राजा खुफूला एका स्त्रीबद्दल सांगतो, ‘हेमेत वाब पू एन रा’: ती रा देवाच्या ‘वाब’ दर्जाच्या पुरोहिताची बायको आहे. नाम स्त्रीलिंगी, तरी ‘पू’ तोच.

क्रियापदांच्या प्रांतातही ‘पू’ वाक्य जुळवण्याचंच काम करतो. शेतकरी प्रवासाला निघतो तेव्हा कथाकार ‘गेला’ असं सरळ म्हणत नाही; तो म्हणतो, ‘शेमेत पू इर-एन सेख्ती पेन’. शब्दशः: ‘या शेतकऱ्याने जे केलं ते जाणं होतं.’ मध्य राज्याच्या कथांत प्रसंग पुढे सरकवायची ही आवडती रचना आहे. इथे ‘पू’ आणि ‘पेन’ एकाच वाक्यात शेजारी आहेत. ‘शेमेत’ म्हणजे ‘जाणं’, हे क्रियावाचक नाम. त्याच्यापुढे ‘पू’ आहे, म्हणजे इथे वाक्य जुळतंय. आणि ‘इर-एन’मधली पाण्याची रेघ पाहून पुन्हा ‘पेन’ आठवू नका: तो ‘एन’ क्रिया पूर्ण झाल्याचा प्रत्यय आहे, ‘इर’ म्हणजे करणे, ‘इर-एन’ म्हणजे केलं.

पुढे दोघांनाही ‘पा’ या तिसऱ्या दर्शकाने बाजूला सारलं. तो नामाच्या आधी येई. त्याच्यापासून कॉप्टिकमधलं, म्हणजे याच भाषेच्या शेवटच्या रूपातलं, ‘प’ हे उपपद (इंग्रजी ‘the’सारखं) तयार झालं. वाक्य जुळवायचं काम त्याच कुळातल्या ‘पे’कडे गेलं, आणि गंमत अशी की त्याने ‘पू’चा हट्ट सोडला: पुल्लिंगी ‘पे’, स्त्रीलिंगी ‘ते’, अनेकवचनी ‘ने’. कॉप्टिक बायबलमध्ये पाण्यावरून चालत येणारा येशू घाबरलेल्या शिष्यांना ‘आनोक पे’ म्हणतो, म्हणजे ‘मीच आहे’.